ठिपक्याला होकार

गेरासिमला चक्कर यायची, पण तो पडायचा नाही. हीच खरी पंचाईत होती. पडला असता तर लोकांनी उचललं असतं, हळहळले असते, एखाद्याने घोटभर राकिया दारूही पाजली असती. हा आपला उभाच. पायाखालची जमीन मात्र बोटीसारखी डुलायची, आणि गेरासिमने जन्मात बोट पाहिली होती ती फक्त सार्डिन माशांच्या डब्यावर.

दोन वर्षांपूर्वी कान दुखला, मग बरा झाला, पण जाताना हे डुलणं मागे ठेवून गेला. पाहुणे जावेत आणि त्यांचं कुत्रं आपल्याकडेच राहावं, तसं. जवळच्या क्युस्तेंदिल शहरातल्या डॉक्टरांनी कान तपासले, डोक्याचे फोटो काढले आणि सगळं उत्तम असल्याचं सांगितलं. सगळं उत्तम असलेला गेरासिम भिंत धरधरून घरी आला.

त्याला खरं दुःख होतं ते चेरीच्या झाडाचं. गावातलं सगळ्यात उंच झाड त्याचं. शेंड्यावरच्या चेऱ्या काढणारा माणूस गावात एकच, आणि तो आता शिडीच्या दुसऱ्या पायरीवर डोळे मिटून घ्यायचा. दोन उन्हाळे त्याच्याऐवजी मेव्हणा मेतोदी चढला. मेतोदी चेऱ्या काढायचा नाही. वर बसून खायचा आणि बिया खाली थुंकत गप्पा मारायचा.

"दाजी, वरून तुमचं टक्कल काय झकास दिसतं हो! मधोमध बी टाकू का?"

तिसऱ्या वर्षी गेरासिमने जाहीर केलं, "यंदा जूनमध्ये एक तर मी झाडावर असेन, नाहीतर झाड जमिनीवर." त्याने कुऱ्हाडीला धार लावून ती दाराशी उभी केली. ती अजिबात डुलली नाही, याचा त्याला आणखी राग आला.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोने, रुमेनाने, रेडिओवर ऐकलं की सोफियातल्या एका इस्पितळाला संशोधनासाठी कायम चक्कर येणारी माणसं हवी आहेत.

"आपल्याकडे एक आहे," ती म्हणाली. "देऊन टाकू."

इस्पितळाच्या बाकांवर सगळे भिंतीला टेकून बसले होते. मधल्या खुर्च्या ओस पडल्या होत्या. गेरासिमला दोन वर्षांत पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

डॉक्टर बिल्याना तरुण होती आणि सावकाश बोलायची. "काका, दोन गट आहेत. एकाला खरा व्यायाम, दुसऱ्याला नुसता दिसायला व्यायाम. तुम्ही कुठल्या गटात, ते शेवटी कळेल. तोवर मलाही माहीत नसेल."

"म्हणजे तुम्ही अंधारात, मी अंधारात. मग गाडी हाकतंय कोण?"

"संगणक."

"आणि मी खोट्या गटात निघालो तर?"

"तर उन्हाळा संपल्यावर खरा व्यायाम देऊ."

उन्हाळा संपल्यावर! जूनच्या चेऱ्या काय सप्टेंबरची वाट बघत बसतात? पण नाही म्हणून घरी जायचं तर ती कुऱ्हाड होतीच. तो तयार झाला.

शेजारच्या खोलीतल्या नर्सने त्याला काळा ठिपका छापलेलं एक कार्ड दिलं. ते भिंतीला लावायचं, खुर्चीत बसायचं, ठिपक्यावरून नजर हलवायची नाही, डोकं स्थिर ठेवायचं आणि तोंडातून अक्षर काढायचं नाही. रोज, सकाळ-दुपार-संध्याकाळ.

मेतोदीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "दाजी, तुम्ही खोट्यातच. खऱ्या लोकांना यंत्र देतात. हे तर माशीने केलंय."

तरी गेरासिम बसला. शब्द दिला म्हणजे दिला. अडचण एवढीच, की रुमेनाला घरातली शांतता सोसायची नाही. नवरा गप्प म्हणजे नवऱ्याला चक्कर, असं तिचं गेल्या दोन वर्षांचं गणित. ती पाठीमागच्या दारातून डोकावायची.

"अहो, बरे आहात ना?"

बोलायला बंदी. मग त्याने ठिपक्यावरची नजर न ढळवता मान डावी-उजवीकडे हलवली. आमच्या बल्गेरियात 'हो' असंच म्हणतात. पहिल्या दिवशी त्या एका होकारात अख्खी खोली गरकन फिरली आणि त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. पण उत्तर दिलं नाही तर रुमेना थंडगार ओला टॉवेल आणून मानेवर थापायची. त्यापेक्षा खोली फिरलेली परवडली.

"घेवड्याचं सूप ठेवू?" हो. "वारा लागेल, खिडकी लावते हं?" हो, हो. "ऐकताय ना?" हो, हो, हो. "मेतोदीला जेवायला बोलावू?" यावर मान झटक्यात वर आणि जिभेचा 'च्क'. म्हणजे नाही. रुमेना तरीही त्याला बोलवायचीच.

असा हिवाळा सरला. मे महिन्यात एकदा गेरासिम कोंबड्यांना दाणे टाकून अंगणाच्या मधोमध चालत परत आला. दारात रुमेना पातेल्याचं झाकण हातात घेऊन उभी होती. ते तिच्या हातून पडलं.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"तुमची भिंत कुठंय?"

त्याने मागे वळून पाहिलं. भिंत जागच्या जागीच होती. तो तिला विसरून आला होता.

जूनच्या सुरुवातीला दोघं सोफियाला गेले. गेरासिम डोळे मिटून मऊ गादीवर उभा राहिला, हलत्या फळीवर उभा राहिला. तो काही डुलेना, तेव्हा नर्सने फळी बंद तर पडली नाही ना, हे वाकून पाहिलं. मग बिल्यानाने संगणकावर त्याचं नाव उघडलं आणि डोकं धरून बसली.

"काका, तुम्ही खोट्या गटात होता."

गेरासिमचा चेहरा पडला. "म्हणजे मी खोटाखोटा बरा झालो? घरी गेल्यावर पुन्हा डुलणार?"

"मलाच काही कळत नाहीये. तुम्ही शेवटचे. सकाळपासून बघतेय, दोन्ही गट बरे झालेत. म्हणजे माझा खरा व्यायाम आणि तो ठिपका सारखेच! पाच वर्षं घातली मी यात." तिने डोळे पुसले. "खरं सांगा, डोकं स्थिर ठेवलं होतं ना?"

गेरासिमने तिच्या डोळ्यांत रोखून पाहत जोरजोरात मान डावी-उजवीकडे हलवली.

बिल्याना बघतच राहिली. "आता काय केलंत?"

"हो म्हणालो."

"घरी... ठिपक्याकडे बघतानाही हो म्हणायचात?"

"मीच विचारायचे ना," रुमेना म्हणाली. "काळजी वाटते हो! सारखी विचारायचे."

"पण मान नाही हलवली," गेरासिम घाईने म्हणाला. "नुसतं हो म्हणालो."

बिल्यानाने कपाळ टेबलावर टेकलं. तिचे खांदे हलत होते. वर पाहिलं तेव्हा ती हसत होती.

"काका, नजर एका जागी आणि मान डावी-उजवीकडे. खरा व्यायाम तो हाच! तुम्ही खरेच बरे झालात." तिने झरझर दुसरी नावं उघडली. "खोट्या गटातला बरा न झालेला एकच आहे. एकटा राहतो तो."

"मग संशोधन बुडालं?" गेरासिमने भीत भीत विचारलं.

"पुन्हा करावं लागेल. पण व्यायाम चालतो, काका! चालतो! पुढच्या वेळी बायकांना बाहेर बसवू."

"आणि त्या एकट्याचं काय?" रुमेना म्हणाली. "त्याचा नंबर द्या. मी फोन करून विचारत जाईन."

दुसऱ्या दिवशी गेरासिम शिडी चढला. दुसऱ्या पायरीवर सवयीने थांबला. अंगण जागेवर होतं, कोंबड्या जागेवर होत्या. मग तो थेट शेंड्यापर्यंत गेला आणि मूठभर चेऱ्या एकदम तोंडात कोंबल्या.

"अहो, बरे आहात ना?" खालून रुमेना ओरडली.

तोंड भरलेलं होतं. त्याने भरपूर वेळ, चवीने, डावी-उजवीकडे मान हलवली.

कुऱ्हाड घेऊन मेतोदी खाली सरपण फोडत होता. गेरासिमने बी जिभेवर घेतली आणि नेम धरला. मेतोदीलाही टक्कल पडायला लागलं होतं, आणि वरून ते खरंच झकास दिसत होतं.