ओल्फाने चोरलेली विसावी कल्पना

"ओल्फाताई, तुला एवढ्या कल्पना सुचतात तरी कुठून?"

हा प्रश्न इशराकने रविवारच्या जेवणात, अख्ख्या घरासमोर विचारला. दोर्रा आणि वेफा या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी शाळेच्या फाटकाशी पैज लावली होती, की तू हे सगळ्यांसमोर विचारूनच दाखव. इशराकने दाखवलं. मधोमध कुसकुसचं मोठं ताट होतं. राधिया मावशी मटणाचा चांगला तुकडा हळूच आपल्या लेकीच्या बाजूला सरकवत होती. ती लेक म्हणजे ओल्फा. तिने चमचा खाली ठेवला, केस मागे सारले आणि म्हणाली, "अगं, त्या आपोआप येतात. कॉफी घेऊन खिडकीत बसते, बाहेर बघते, की सुचतं. एकेकाला देणगी असते बघ."

मित्रांनो, ती देणगी म्हणजे मी.

मी एक जुनी वही आहे. शहाण्णव पानांची, चौकटींच्या कागदाची, निळ्या प्लॅस्टिकचं वेष्टन घातलेली. निळं अशासाठी, की शाळेत भौतिकशास्त्राच्या बाईंना निळंच लागतं. सप्टेंबरात आमच्या नाबेल गावातल्या एका दुकानात माझ्यासारख्या दोनशे वह्या एकावर एक रचलेल्या होत्या. इशराकने मला मधूनच ओढून काढलं. वरच्या वह्या घसरल्या आणि दुकानदार चिडला. मला मात्र बरं वाटलं. आपल्याला कोणीतरी निवडलं, असं वाटलं.

भौतिकशास्त्र माझ्या नशिबी फक्त चार पानं आलं. पाचव्या पानावर एके दिवशी वर्ग चालू असतानाच इशराकने लिहिलं, 'माझ्या ब्लॉगसाठी कल्पना'. त्या दिवसापासून मी शाळेची राहिले नाही. मी तिची झाले.

पहिल्या कल्पना फार वाईट होत्या, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. 'पर्यावरण आणि आपण'. 'वाचनाचे फायदे'. 'वेळेचं महत्त्व'. असे लेख तिने मोठ्या उत्साहाने लिहिले आणि वाचक मिळाले दोन. एक ती स्वतः आणि दुसरे तिचे बाबा. हेदीबाबा मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात ताटांवर मासे आणि वेली रंगवतात. त्यांनी तिसरा लेख वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "पोरी, हे तुला कोणी विचारलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग कोणी कशाला वाचेल? आमच्या कारखान्यात चहाच्या वेळी कोणी म्हणतं का, चला, वेळेच्या महत्त्वावर बोलू?"

इशराक त्या रात्री जेवली नाही. पण सकाळी उठून तिने माझी पानं अशी आखली, की तेव्हापासून मी साधी वही राहिलेच नाही. उजव्या पानावर कल्पना. डाव्या पानावर, ती कल्पना ज्या प्रश्नातून निघाली तो प्रश्न कोणी विचारला, त्याचं नाव, जागा आणि वेळ. कोणीही विचारलेला नाही असा प्रश्न माझ्यात घ्यायचाच नाही. हा तिचा नियम होता.

मग मी गल्लीभर फिरले. बेकरीच्या रांगेत, हमामच्या, म्हणजे सार्वजनिक न्हाणीघराच्या, पायऱ्यांवर, भाड्याच्या गाडीत. गाडीत सात माणसं बसलेली आहेत, आठवं येत नाही म्हणून चालक हलत नाही आणि आपली परीक्षा आठ वाजता आहे, अशा वेळी चालकाशी काय बोलावं? हे एका रडकुंडीला आलेल्या मुलाने विचारलं होतं. मावशीच्या घरी चौथ्यांदा वाढलेलं कुसकुस तिला न दुखावता कसं नाकारावं? हे वेफाने विचारलं होतं, पोट धरून. पाहुण्यांसाठी जपलेले सोनेरी काठाचे पेले शेवटी कोणाच्या वाट्याला येतात? हे शेजारच्या हाज्जा मबरूकाने विचारलं होतं, आणि तिच्या घरात त्या पेल्यांना तीस वर्षांत कोणाचे ओठ लागलेले नाहीत.

वाचक येऊ लागले. आधी सोळा, मग एकेचाळीस. कोणीतरी दूरच्या शहरातून लिहिलं, की माझीही मावशी अशीच आहे. इशराकने मला कवटाळलं आणि खोलीत गिरक्या घेतल्या. माझं वेष्टन एका कोपऱ्यात फाटलं ते त्या दिवशी. ते दुखणं मी अजून मिरवते.

आणि मग ओल्फा आली.

ती इशराकची मावसबहीण. वय तेवीस, राहायला राजधानीत, ब्लॉगला हजारो वाचक. दर रविवारी ती आईबरोबर नाबेलला यायची आणि जेवणानंतर 'जरा पडते' म्हणून इशराकच्या खोलीत जायची. दार लोटायची. मला उशीखालून काढायची. आणि फोन माझ्यावर धरून एकेक उजवं पान टिपायची. डावी पानं तिने कधी टिपली नाहीत. तिला ती नुसती नावांची यादी वाटली असावी.

गुरुवारी माझी कल्पना तिच्या नावाने झळकायची. नाबेलची गाडी राजधानीची व्हायची, वेफाची मावशी ओल्फाची मावशी व्हायची. एकेक करून तिने एकोणीस कल्पना नेल्या. एकदा मी कागदाच्या धारेने तिचं बोट कापलं. तिने बोट चोखलं आणि दुसऱ्या हाताने फोटो काढला.

सगळ्यात वाईट पुढे घडलं. इशराक सावकाश लिहायची, ओल्फा झटपट. त्यामुळे इशराकचा लेख यायचा तेव्हा वर्गातल्या मुली म्हणायच्या, "ओल्फाची नक्कल करतेस होय?" आपल्याच ताटातलं उष्टं खाल्ल्यासारखं तिला वाटायचं. तिने आईला सांगितलं, तर सलवाआई म्हणाली, "मोठी बहीण आहे. आणि कल्पना काय, वाऱ्यावर असतात."

मित्रांनो, मी वाऱ्यावर नव्हते. मी उशीखाली होते.

म्हणून त्या रविवारी 'देणगी' हा शब्द माझ्या कानावर पडला, तेव्हा माझ्या शिवणीतला दोरा ताठ झाला. लोक म्हणतात वह्यांना राग येत नाही. ज्यांच्या एकोणीस पानांची चोरी झालेली नाही, त्यांनी असं खुशाल म्हणावं.

दुसऱ्या दिवशी दोर्रा आणि वेफा पलंगावर मांडी ठोकून बसल्या.

"पैज जिंकलीस. आता पुढे?" दोर्राने विचारलं.

"आता तिला आणखी एक देणगी देते," इशराक म्हणाली आणि तिने माझं त्रेसष्टावं पान उघडलं.

मार्च सरत आला होता. नाबेलमध्ये त्या दिवसांत नारिंगाची झाडं फुलतात आणि घराघरांतून फुलांचा अर्क काढायची तांब्याची भांडी बाहेर निघतात. गल्लीतल्या बायका आपापली फुलं सलवाआईकडे आणतात, कारण तिच्या हातचं फूलपाणी सगळ्यात सुवासिक. भांड्याच्या नळीतून जी पहिली बाटली भरते, तिच्यात खरा जीव असतो. ती तापाच्या पोराच्या कपाळासाठी, बाळंतिणीसाठी, लग्नाच्या मिठाईसाठी जपून ठेवतात. दुसरी बाटली रोजच्या कॉफीसाठी. हे नाबेलमधल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. राजधानीत वाढलेल्या, आयती बाटली घरी घेऊन जाणाऱ्या ओल्फाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

इशराकने आपल्या सगळ्यात सुंदर अक्षरात लिहिलं, 'आमच्या घरचं शंभर वर्षांचं गुपित. पहिली बाटली उंबऱ्यावर ओतून द्यायची, त्यात फुलांचा कडवटपणा उतरलेला असतो. ठेवायची ती दुसरीच.'

वेफा हसून हसून पलंगावरून खाली आली. आणि मी? माझ्यात उतरलेलं ते पहिलं खोटं. पण ते पान मी असं गुळगुळीत करून ठेवलं, की रविवारी उघडलं की आधी तेच उघडावं. सूडात माझा एवढा हात होता, तो मी नाकारत नाही.

ओल्फाने ते टिपलं. गुरुवारी ते आलं. वर सलवाआईच्या भांड्याचा फोटो, खाली 'माझ्या नाबेलच्या माणसांचं गुपित'. शुक्रवारपर्यंत राजधानीची मंडळी वाहवा करत होती. शुक्रवारी संध्याकाळी नाबेल जागं झालं. 'पहिलं पाणी उंबऱ्यावर? तुमच्या उंबऱ्याला ताप आला होता का?' 'बाई, पुढच्या वर्षी आमचाही उंबरा घेऊन येते.' शंभरावर टोमणे. इशराक एकेक मोठ्याने वाचायची आणि दोर्रा टाळ्या द्यायची. कित्येक महिन्यांचं ओझं माझ्या पानांवरून उतरलं. सूड गोड असतो हे मी ऐकून होते. खरंच असतो. एक रात्र पुरतो.

शनिवारी सकाळी हाज्जा मबरूका दारात उभी राहिली. फुलांचं गाठोडं डोक्यावर होतं, ते तिने खाली ठेवलं नाही.

"सलवा, हे तुझ्या घरचं गुपित आहे म्हणे."

"कसलं गुपित, हाज्जा?"

"माझ्या फुलांचं पहिलं पाणी तू उंबऱ्यावर ओततेस. तरीच म्हटलं, गेल्या वर्षी नातवाचा ताप उतरला नाही तो का."

"तीस वर्षं तुझ्या फुलांचं पाणी याच हातांनी काढलंय मी."

"हात तेच गं. फोटोही तुझ्याच भांड्याचा आहे." एवढं बोलून हाज्जा गाठोड्यासकट पुढच्या गल्लीत निघून गेली. तिच्या मागून आणखी तिघी गेल्या.

खुडलेली फुलं थांबत नाहीत. त्याच दिवशी भांड्यात पडली नाहीत, तर काळी पडतात. त्या दिवशी अंगणातलं तांबं थंड राहिलं. इशराकच्या जन्मापासून असं कधी झालं नव्हतं. सलवाआई त्याच्याजवळ पाटावर बसून राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी राधिया मावशीचा फोन आला. आवाज खोलीतून माझ्यापर्यंत येत होता. लेकीवर चारी बाजूंनी शिव्या बरसत होत्या, तेव्हा लेकीने स्वतःला वाचवायला सांगून टाकलं, की मी मनाने लिहिलं नाही, ते इशराकच्या वहीत होतं. चोराने आपल्याच हाताने चोरीची पावती फाडली. मग ओल्फा स्वतः फोनवर आली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज लहान झालेला मी ऐकला. "इशराक, ऐक ना. मी लेख काढून टाकते. कुठल्यातरी परक्या माणसाने चुकीचं सांगितलं असं लिहिते. वहीचं नाव तूही काढू नकोस, मीही काढत नाही. दोघी सुटू."

हेदीबाबा चिडून म्हणाले, "आण ती वही. भांड्याखाली सरपण तरी होईल."

मित्रांनो, मी तेव्हा खरंच घाबरले. पण सलवाआईने हात पुढे केला आणि म्हणाली, "आधी वाचते."

तिने मला पहिल्या पानापासून वाचलं, थंड भांड्याशेजारी बसून, ऊन भिंतीवर चढेपर्यंत. इतकं सलग मला आजवर कोणीच वाचलं नव्हतं. ओल्फाने तर नुसती टिपली होती. आई डावी पानंही वाचत होती. 'हाज्जा मबरूका, बेकरीच्या रांगेत.' 'वेफा, पोट धरून.' सतराव्या कल्पनेपाशी डाव्या बाजूला लिहिलं होतं, 'आई, भांडी घासताना, स्वतःशीच.' तिथे ती थांबली. नखाने ते नाव हळूच चाचपलं. मग त्रेसष्टावं पान आलं.

"इथे डावी बाजू कोरी का?" तिने विचारलं. "हे तुला कोणी विचारलं होतं?"

इशराकने त्या कोऱ्या बाजूकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणीच नाही, आई. हे मी ओल्फासाठी लिहिलं. तिने चोरावं म्हणून."

"आणि माझं भांडं?"

"ते माझ्या लक्षातच आलं नाही."

आईने मला मिटलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं. रागावली नाही. तेच इशराकला जास्त लागलं.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. माझी फक्त सहा पानं कोरी आहेत. तुमच्याकडे माझ्यासारखी कोणाची वही उघडी सापडली, तर विचारल्याशिवाय वाचू नका. वाचलीच, तर डावी बाजूही वाचा. आणि तुमची वही चोरीला गेली, तर चिडा, खूप चिडा. पण ते विष आईच्या भांड्यात ओतू नका. ओल्फाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. पण त्या थंड भांड्याची माफी मी रोज मागते.

त्या संध्याकाळी आई आणि बाबा अंगणात कॉफी घेत बसले होते. कॉफीत फूलपाण्याचे दोन थेंब नव्हते. इशराक आली. तिने आईच्या मांडीवरून मला उचललं, त्रेसष्टाव्या पानासमोरच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचं पूर्ण नाव, तारीख आणि वेळ लिहिली आणि सरळ उभी राहून बोलू लागली.

"आई, बाबा, मी ठरवलंय. गप्प राहून सुटायचं नाही. आत्ता हाज्जा मबरूकाच्या दारात जाते आणि सांगते, की आईने एक थेंबही ओतलेला नाही, खोटं मी लिहिलं. सकाळी तेच ब्लॉगवर लिहिणार आहे, या वहीच्या सगळ्या डाव्या पानांच्या फोटोंसकट. एकोणीस खऱ्या कल्पना माझ्या आहेत. विसावी खोटी, तीही माझीच. आणि रविवारी तो लेख मी ओल्फाताईला वाचून दाखवणार आहे. जेवताना, राधिया मावशीसमोर, मोठ्याने."