उंबऱ्यावरच्या दोन गाठी

बायकोला पुरून नऊ दिवस झाले होते, आणि ती कशाने गेली हे दोरवाल्याला त्या सकाळी कळलं.

अंगणात तो दोरासाठी वाख वळत बसला होता. ओढ्यापलीकडच्या दवाखान्यातली नर्सबाई वस्तीवर आलेली, ती पाणी प्यायला थांबली. थंडी वाजायची का, एक दिवसाआड ताप यायचा का, असं तिने विचारलं. त्याने सगळं सांगितलं.

"हिवताप तो," नर्सबाई म्हणाली. "गोळ्यांनी उतरतो. आणली का नाही तिला?"

"वाहतं पाणी ओलांडायचं नव्हतं."

नर्सबाईने तांब्या खाली ठेवला आणि ती निघून गेली.

ओढ्यातल्या बाईने हिला धरलंय, असं वस्तीतल्या भगताने सांगितलं होतं. सात दिवस पाणी ओलांडू द्यायचं नाही. उंबऱ्यावर आडवा दोर बांधायचा, सात गाठी मारायच्या, रोज सकाळी एक सोडायची. दोर घरचाच होता. गाठी त्याने स्वतः मारल्या होत्या. पाचव्या दिवशी बायको गेली. दोन गाठी राहिल्या.

हातातला वाख तसाच टाकून तो ओढ्यापलीकडे गेला. प्रार्थनाघरात पाळक मोडक्या बाकाचा पाय ठोकत होता.

"तुमच्या देवापुढे भुतं टिकत नाहीत म्हणतात. खरं का?"

"खरं."

"मग मला शिकवा."

"कशासाठी?"

"भगताच्या दारात कुत्रंसुद्धा फिरकता कामा नये. त्यासाठी."

पाळकाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "असल्या कामाला अजून कोणी आलं नव्हतं."

"मी आलोय ना."

"बस मग. हे टोक धर."

चुलीवरच्या फळीवर वाडवडिलांच्या नावाने पुजलेल्या लाकडी बाहुल्या होत्या. दोरवाल्याने त्या चुलीत घातल्या. आता छप्पर अंगावर येईल म्हणून तीन दिवस तो अंगणातच बसून राहिला. छप्पर जागचं हललं नाही. त्यानंतर त्याला कोणी आवरू शकलं नाही. ज्या घराच्या उंबऱ्यावर दोर दिसेल तिथे तो विळा घेऊन हजर. "दोर माझ्या हातचा आहे, परत नेतो," म्हणायचा, कापायचा आणि आजाऱ्याला पाठीवर टाकून ओढा ओलांडायचा. बरेच जगले. दोघं दगावले, पण भगताच्या हातून त्याहून जास्त गेले होते. दोरवाल्याचा गळा बेसूर, तरी भगताच्या कुंपणाजवळ आला की देवाचं गाणं तो मुद्दाम मोठ्याने म्हणायचा.

दीड वर्षात अर्धी वस्ती प्रार्थनाघरात बसू लागली. भगत म्हातारपणी दुसऱ्याच्या रानात गवत कापायला जाऊ लागला. दोरवाला वाट वाकडी करून त्याच रानावरून जायचा आणि बांधावर उभा राहून बघायचा.

बाप्तिस्मा मात्र त्याला मिळेना. दर खेपेला पाळकाचा एकच प्रश्न.

"भगताला माफ केलंस?"

"नाही."

"मग पुढच्या खेपेला बघू."

"ही एवढी माणसं तुमच्याकडे कोणी आणली?"

"तूच आणलीस. तुझं तेवढं राहिलंय."

मग एका सकाळी भगत त्याच्या दारात आला. रात्रभर पाऊस पडून ओढा फुगला होता.

"सून तापलीय," भगत म्हणाला. "चौथा दिवस."

"मग दोर बांध की. सात गाठी मार. दोर नसेल तर मी देतो."

भगत उंबऱ्याबाहेरच उभा होता. तिथला दोर आणि त्यावरच्या दोन गाठी त्याला समोरच दिसत होत्या.

"तुझ्या बायकोच्या वेळी मला ती ओढ्यातली बाई दिसली होती," तो म्हणाला. "खोटं नव्हतो बोललो. आता सुनेकडे बघतो तर काहीच दिसत नाही. नुसता ताप दिसतो."

"हे तेव्हा दिसायला हवं होतं."

"हो."

या दिवसासाठी दोरवाल्याने दीड वर्ष शब्द जमवून ठेवले होते. दोर वळताना तो ते पुटपुटायचा. त्यातले अर्धेही अजून बोलून झाले नव्हते. पण चौथा दिवस म्हणजे काय, ते त्याला ठाऊक होतं. त्याने खुंटीवरचा जाड दोर काढला.

ओढ्याच्या काठी त्याने सुनेला पाठीशी बांधलं, एक टोक स्वतःच्या कमरेला आवळलं, दुसरं झाडाला एक वेढा देऊन भगताच्या हातात दिलं.

"घट्ट धर. सैल पडला तर सून जाईल."

"आणि तू?"

"मी गेलो तर तुझ्या दारात पुन्हा गर्दी होईल. बघ, विचार कर."

भगताचे तळहात सोलून निघाले, पण दोर सैल पडला नाही. सून वाचली.

महिन्याभराने त्याच ओढ्यात भगत कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. आपल्या हातून काय घडलं ते त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, दोरवाल्याच्या बायकोपासून सुरुवात करून. पाळकाने त्याला पाण्यात बुडवून वर काढलं. निथळत तो काठावर आला आणि दोरवाल्यापुढे हात जोडून उभा राहिला. दोरवाल्याने अंग पुसायला पंचा पुढे केला आणि तोंड फिरवलं.

"आता तरी?" पाळकाने हळूच विचारलं.

"त्याला एखाद वेळेस करीन माफ," दोरवाला म्हणाला. "गाठी मी मारल्या होत्या. त्याचं काय करू?"



प्रार्थनाघरात बसणाऱ्यांत बाप्तिस्मा न झालेला आता तो एकटाच आहे. उंबऱ्यावरच्या दोरावर पाय पडू नये म्हणून जपून तो घरात ये-जा करतो. त्या दोन गाठी त्याने अजून सोडलेल्या नाहीत.