उवेच्या तोंडावर फुंकलेली हळद

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो, आणि मी सूड उगवलेला आहे. आपली जन्मकथा सांगणारे बाकीचे, म्हणजे छत्र्या, शाळेतले फळे, फाटकी पुस्तकं वगैरे, शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात असं ऐकून आहे. मी केलेलं नाही. ते आधीच सांगितलेलं बरं.

माझा जन्म जर्मनीतला, एकोणीसशे एक्क्याण्णव सालचा. तुमच्या घरात छताला लटकून गरगरतो तसला पंखा मी नव्हे. मी पुरुषभर उंच, चाकांवर उभा, पुढेमागे लोखंडी जाळी. कारखान्यात मला पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मुकादमाची टोपी उडाली आणि ती पार भिंतीपलीकडे सापडली. तिथेच माझी नेमणूक पक्की झाली.

मला मारेननं घेतलं. मारेन गायिका होती. तेव्हा लहान लहान हॉलमध्ये गायची. तिसऱ्या गाण्याला ती पुढे यायची, हात पसरायची आणि मी सुरू व्हायचो. तिचे केस उडायचे, पांढरा झगा शिडासारखा फुगायचा आणि लोक श्वास रोखून बघत राहायचे. वर्तमानपत्रांनी तिला वादळाची राणी म्हटलं. राणी ती होती, वादळ मी होतो. पण मारेनला त्याची जाण होती. कार्यक्रम संपला की माझ्या जाळीवर थाप मारून म्हणायची, "छान फुंकलंस, म्हाताऱ्या." मी तेव्हा दोन वर्षांचा होतो.

मग ती मोठी झाली. हॉल गेले, हजारोंची बंदिस्त सभागृहं आली, त्यानंतर उघडी स्टेडियमं आली. सामानाच्या ट्रकांची रांग लागायला लागली. आणि ते सामान सांभाळायला आला उवे.

उवे रंगमंचाचा मॅनेजर. माझ्याकडे एकदा बघून म्हणाला, "हा खोकतो." झालं. त्यानं चंदेरी रंगाचा, बटणावर मान हलवणारा नवा पंखा घेतला. मला मात्र फेकलं नाही, मित्रांनो. फेकलं असतं तर मी विसरलो असतो. त्यानं मला नेऊन ठेवलं प्रेक्षकांच्या संडासांच्या तंबूत, वास बाहेर घालवायला. आणि काळ्या मार्करनं माझ्या कुशीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: संडास. लिहिलं जर्मनमध्ये होतं, पण जायचं होतं तिथे गेलं.

त्याच दिवशी मी शपथ घेतली. उवे, एक दिवस तुझ्या तोंडावर असं काही फुंकीन, की आरशात तुला तूच ओळखू येणार नाहीस.

अडचण एवढीच, की तो माझ्यासमोर कधी यायचाच नाही. त्याचा संडास वेगळा होता.

दोन हजार सालच्या ऑक्टोबरात मारेनचा दौरा दुबईला आला. फुटबॉलचं स्टेडियम, शुक्रवार, आणि ऊन असं की माझ्या जाळीवर पोळी भाजली असती. मंच उभारायला शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका ठेकेदाराची माणसं होती. त्यातला दौलत माझ्या तंबूवर होता. देवगडकडचा, पस्तिशीचा, स्वतःशी बोलत काम करणारा.

"काय रे बाबा," मला बघून म्हणाला, "तुका हंय कोणी आणून टाकल्यान?"

मित्रांनो, कित्येक वर्षांत मला कोणी काही विचारलं नव्हतं. त्यानं माझं पातं पुसलं, बेअरिंगला तेल दिलं. माझा खोकला गेला.

मुकादम बदरुद्दीन तंबूत डोकावला. "दौलत, सामान कंपनी का है, तेरे ससुर का नहीं. एक कंप्लेंट आया ना, तो सीधा कॅन्सल."

कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द आणि परतीचं विमान. दौलतनं तेलाचा डबा खाली ठेवला. गावी त्याची बायको सगुणा होती आणि मुलगी नुकती कणकवलीच्या वसतिगृहात राहून शिकायला लागली होती. ते सगळं त्याच्या एका व्हिसावर उभं होतं.

पण त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला हत्यारं पुजायची आणि त्यांना सुट्टी द्यायची, हे दौलतच्या घरी बापजाद्यांपासून चालत आलेलं. सकाळी तो बर दुबई भागातल्या देवळामागच्या गल्लीतून झेंडू, हळद आणि कुंकू घेऊन आला होता. बदरुद्दीनची पाठ वळल्यावर त्यानं मला पाच बोटं कुंकवाची लावली, माळ घातली, हात जोडले. उरलेल्या हळदीकुंकवाच्या उघड्या पुड्या ठेवायच्या कुठे? संडासाच्या ओल्या जमिनीवर ठेवणं बरं नाही. म्हणून त्यानं त्या ठेवल्या माझ्या पोटात, पुढच्या जाळीच्या आत, अगदी पात्यासमोर. प्रेक्षक संध्याकाळी येणार होते. तोवर मला कोण चालू करतंय? आज तर माझी सुट्टी.

दुपारी तीनच्या सुमारास वाऱ्यानं वाळू आणली. मंचावरचा चंदेरी पंखा दोनदा शिंकला आणि गप्प झाला. मी हसलो.

उवेचा आवाज तंबूपर्यंत आला. "संडासातला तो म्हातारा आणा! यल्ला!" यल्ला म्हणजे चला, लवकर; अरबीतला तेवढा एकच शब्द तो शिकला होता.

दोघातिघांनी मला ढकलत मंचावर नेलं. दौलत दुसऱ्या टोकाला पाण्याचे कॅन लावत होता. त्यानं मला जाताना पाहिलं आणि तो धावत सुटला. तोवर वारा नीट येतो का ते बघायला उवे मारेनच्या जागी जाऊन उभा राहिला होता. माझ्याकडे तोंड करून. हात पसरून.

"सर! सर, वेट! पूजा!"

"नो पूजा! ऑन!"

आयोजकांच्या ऑफिसातली जॉयस, वसईची, हातात वॉकीटॉकी घेऊन ओरडली, "काय झालं रे दौलत?"

"मॅडम, पोटात हळद हा त्याच्या!"

"कोणाच्या पोटात?"

कोणीतरी बटण दाबलं. मित्रांनो, स्टेडियम भरलेलं असतानाही मी कधी असा फुंकलो नव्हतो. आधी हळद गेली, मग कुंकू, मग सगळा झेंडू. मी शपथेचा शब्द न् शब्द फुंकला. ढग खाली बसला तेव्हा मारेनच्या जागेवर एक पिवळा माणूस उभा होता. कपाळ लालभडक, ओठावर झेंडूची पाकळी.

जॉयसच्या हातातला वॉकीटॉकी खाली आला.

"अगो बाय," जॉयस म्हणाली, "ह्याला तर हळद लागली! आता नवरी शोधा."

मंचाच्या सांगाड्यावर चढलेली माणसं हसून हसून खाली पडायची बाकी राहिली. बदरुद्दीननं रुमालात तोंड खुपसलं.

"हू डिड धिस?" उवे गरजला.

दौलत पुढे आला. "मी, सर."

"आऊट! गो होम!"

बदरुद्दीननं रुमाल खिशात घातला आणि चेहरा सरळ केला. "खलास, दौलत. गेट पे जाके बैठ."

दौलत माझ्या जाळीवर हात ठेवून म्हणाला, "येतंय रे बाबा." आणि आपली पिशवी घेऊन चालता झाला.

माझा सूड पुरा झाला असं मला वाटलं होतं. तिथे कळलं, आत्ता कुठे अर्धा झालाय.

उवेनं तोंड पुसलं आणि पुन्हा सांगितलं, "ऑन." बटण दाबलं. मी नुसता गुरगुरलो. पातं हललं नाही. वायर बदलली, गुरगुरलो. तिघांनी लाथा घातल्या, तरी गुरगुरलो. तार जळाली असती तरी मी फिरणार नव्हतो.

गोंधळ ऐकून मारेन बाहेर आली. नऊ वर्षांची ओळख, तिनं मला लांबूनच ओळखलं. जवळ आली, जाळीवर हात ठेवला आणि तिला कुशीवरची अक्षरं दिसली.

"हे कोणी लिहिलं?"

उवेच्या पिवळ्या तोंडावर काही समजत नव्हतं, कान मात्र लाल झाले होते.

"आणि ही खाली पडलेली फुलं?"

जॉयसनं तिला इंग्रजीत समजावलं. "आमच्याकडे वर्षातून एकदा हत्यारांची पूजा करतात, मॅडम. त्या दिवशी त्यांना काम लावत नाहीत. आज ह्याची सुट्टी होती. ज्यानं पूजा केली, त्याला ह्यांनी हाकललं."

मारेननं कुशीवरची अक्षरं बोटानं घासून पाहिली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी ह्याच्या वाऱ्यात गायले. एक सुट्टी दिली नाही. त्या माणसाला परत आणा."

उवेनं कोणाला तरी पाठवायला बोट उचललं.

"नाही, उवे. तू घालवलास, तू आण."

मंचापासून गेट लांब. वर ऊन. हळद आणि घाम एकत्र आले की काय होतं ते तुमच्या आईला विचारा. खुर्च्या मांडणाऱ्यांच्या मधून, चहावाल्याच्या समोरून, सुरक्षारक्षकांच्या रांगेपुढून तो पिवळा माणूस एकटा चालत गेला, आणि प्रत्येकानं त्याला डोळे भरून पाहिलं. मी मागून त्याची पावलं मोजत नव्हतो, नुसती चाखत होतो.

जॉयस त्याच्या मागोमाग गेली होती. तिनं नंतर सगळ्यांना सांगितलं, की उवे दौलतसमोर जाऊन 'प्लीज' म्हणाला. आणि दौलत काय म्हणाला?

"सर, टॉवेल?"

आपला पंचा काढून दिला त्यानं. उवेनं तोंड पुसलं, आणि होतं ते मानेपर्यंत पसरलं.

दौलत परत आला. माझ्या जाळीला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. "चल रे बाबा. सुट्टी उद्या घे."

मी फिरलो. काय सांगू कसा फिरलो! संध्याकाळी तिसऱ्या गाण्याला बटणापाशी दौलत उभा होता. कुठेतरी अडकलेली एक शेवटची पाकळी सुटली आणि मारेनच्या केसांत जाऊन बसली. तिनं ती काढली नाही.

उवे चांगले तीन दिवस पिवळा होता. भेटेल तो त्याच्या लिव्हरची चौकशी करत होता.

जाताना कंटेनरमध्ये जागा नाही म्हणून त्यानं मला मागे टाकलं. त्याला वाटलं, त्यानं वचपा काढला. दौलतनं मला उचलून नेलं; मी आता सोनापूरच्या कामगारांच्या कॅम्पात आहे, जेवणाच्या खोलीत. चाळीस माणसं भातावर माशाचं कालवण घेऊन माझ्यासमोर बसतात आणि दौलत दर खंडेनवमीला माझी पूजा करतो. पण आता आधी प्लग काढतो, आणि पुड्या खिशात ठेवतो.

तर मित्रांनो, घरातल्या पंख्याचं पातं पुसत जा. तेल द्या. वर्षातून एकदा त्याला सुट्टी द्या. आणि जुन्या वस्तूसमोर तोंड करून उभं राहण्याआधी, आपण तिला काय काय म्हणालो होतो ते जरा आठवून बघा.

जॉयसनं परवा दौलतला फोनवर सांगितलं, उवे पुन्हा कुठलासा कार्यक्रम घेऊन दुबईला येणार आहे. येऊ दे. माझ्या पात्याच्या बुडाशी, जिथे दौलतचं फडकं पोचत नाही, तिथे चिमूटभर हळद मी जपून ठेवली आहे.