पाचलिंबीचा मुक्काम

"आधी हे सांगा काका, गाडीत काय काय चालवायचंय?" सोलरच्या दुकानातल्या शंतनूनं विचारलं.

त्रिंबक बोटांवर मोजायला लागला. एक पंखा, दोन दिवे, मोबाइल. बायकोचा, म्हणजे सत्यशीलेचा रेडिओ, कारण तो लावल्याशिवाय तिच्या हातून भाकरी थापली जात नाही. एवढं सांगून तो अडला. खरी गोष्ट अजून सांगायची राहिली होती.

"आन् मायचं वाफेचं मशीन," तो म्हणाला. "बाकी सगळं बंद पडलं तरी चालंल. ते पडून चालायचं नाय."

उस्मानपुऱ्यातल्या त्या दुकानात बंगलेवाले यायचे, शेतात पंप बसवणारे यायचे. गाडीवर सोलर बसवून घेणारं गिऱ्हाईक विरळाच, आणि जे यायचं ते गोव्याला निघालेलं, गॉगल लावलेलं असायचं. इथं मात्र समोर बसला होता वाळूजच्या कंपनीतून निवृत्त झालेला माणूस, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली त्याची बायको, आणि म्हणे म्हाताऱ्या आईला घेऊन रानात मुक्कामाला जायचंय. शंतनूला काही टोटल लागेना, पण पोरगा भला होता, हसला नाही.

हसणारे बजाजनगरात भरपूर होते. कंपनीच्या कॅन्टीनचे डबे वाहणारी जुनी व्हॅन विकायला निघाली आणि त्रिंबकनं ती घेतली, तेव्हा अख्ख्या कॉलनीनं त्याला भंडावून सोडलं. वडापावची गाडी टाकताय का, विचारणारे विचारून गेले. त्यानं मुकाट्यानं मागं फळ्या ठोकल्या, निजायला दोन बाक केले, एवढासा ओटा केला. कितीही धुतली तरी गाडीतून आमटीचा वास काही जाईना. सत्यशीलेनं तर चांगला आठवडाभर अबोला धरला. रिटायर झालेल्या माणसानं गुमान घरी बसावं, चार देव करावेत, हे कसलं खूळ काढलं, असं तिचं म्हणणं.

पण खूळ त्याचं नव्हतंच. ते होतं बानाबाईचं, त्याच्या आईचं.

बानाबाई ऐंशीच्या पुढं गेली होती. दम्यानं छातीचा पार भाता करून टाकला होता. सकाळ-संध्याकाळ तोंडाला मास्क लावून ते घरघरणारं मशीन चालवायचं आणि उरलेला दिवस तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून काढायचा. कधी कुणाला काही मागणं नाही, कुणाबद्दल तक्रार नाही. यंदा उन्हाळ्यात सगळी कॉलनी टँकरसाठी हंडे-बादल्या घेऊन रस्त्यावर उभी होती, ते वरून बघता बघता ती एकाएकी म्हणाली, "तिंबक, मला एक डाव पाचलिंबीला नेतो का? एक रात निजायचंय तिथं."

पाचलिंबी. किती वर्षांनी तो शब्द घरात उच्चारला गेला!

हे घराणं मेंढरामागं फिरणारं. पावसाळा खुलताबादच्या डोंगरांवर काढायचा आणि दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं. सगळं बिऱ्हाड घोड्यावर. भांडी, पीठ, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या कोंबड्या आणि कोंबड्यांच्याही वर फडक्यानं बांधलेला त्रिंबक. तिथून जग काय दिसायचं म्हणता! पुढं बाप कडूबा, मागं माय, मध्ये मेंढरांचा तो हलता राखाडी लोट. वाटेत ठरलेले मुक्काम, आणि सगळ्यांत लाडका मुक्काम पाचलिंबीचा. टेकाडावर पाच म्हातारी लिंबाची झाडं आणि खाली ओढा. भर दुपारी वर बघितलं तर सूर्य सापडायचा नाही, इतकी सावली. चार ठिकाणची बिऱ्हाडं तिथं एकत्र व्हायची, सोयरिकी जुळायच्या, भांडणं मिटायची. त्रिंबक पोहायला शिकला तो त्या ओढ्यात.

मग बहात्तर साल आलं. रानात काडी राहिली नाही, ओढ्यात पाणी राहिलं नाही. मेंढरं वाटेवर एक एक करून बसत गेली आणि बसलेली उठली नाहीत. राहिलेली कडूबानं मिळेल त्या भावात फुंकून टाकली, घोडंही दिलं, आणि सगळं घर दुष्काळी कामावर खडी फोडायला बसलं. पुढं शहर, कडूबाची हमाली, कडूबाचं जाणं. वाळूजला कारखाने उभे राहिले तसा त्रिंबक मशीनवर लागला, शिफ्टच्या बसमध्ये झोपा काढत म्हातारा झाला. पण माय त्या सालापासून जी एका जागी बसली ती बसलीच, याचं त्याला आत कुठंतरी फार वाईट वाटायचं. आता गाडी घेतलीच होती. एक रात तिला तिथं निजवायचं, मग जग काही का म्हणेना.

डॉक्टरांनी मात्र बजावून ठेवलं होतं. न्यायचं तर न्या, पण मशीनची एक जरी वेळ चुकली तर माझ्याकडं येऊ नका. म्हणजे सगळं घोडं या सोलरपाशी येऊन अडलेलं.

शंतनूनं तीन संच दाखवले. लहान होता तो नुसत्या दिव्या-मोबाइलचा, मोठ्यावर फ्रिजसुद्धा चालला असता. मधल्यात टपावर पक्कं बसवायचं पॅनेल, बाकाखाली ठेवायची बॅटरी आणि बॅटरीवर मशीन चालवून देणारा इन्व्हर्टर. मेंढी विकत घेताना पाठ चाचपून बघतात तशी त्रिंबकनं प्रत्येक बॅटरी चाचपली आणि मधला संच धरला. सत्यशीलेनं एवढंच विचारलं, की रातभर टिकेल ना? शंतनू म्हणाला, दिवसभर ऊन मिळालं की काळजीच सोडा.

एकदम लांब जायच्या आधी एक दिवस जवळच काढून बघू, असं ठरलं. खुलताबादच्या अलीकडं घाटाच्या पायथ्याशी त्रिंबकनं गाडी लावली. मजेत दिवस गेला. पंखा फिरला, रेडिओ वाजला, ठेचा-भाकरी झाली. बानाबाई बाकावर पाय सोडून बसली आणि डोंगराकडं बघत कुठल्या खिंडीतून मेंढरं चढायची ते सुनेला सांगत राहिली. सत्यशीलेचा राग तिथंच निम्मा उतरला. दिवस कलला तसं मशीन लावलं. औषध निम्मंही संपलं नसेल, इन्व्हर्टरनं टी-टी केलं आणि सगळं गप्प झालं.

बानाबाईला धाप लागली. आधी तिनं हातानंच काही नाही, काही नाही केलं, मग हातही उचलेना. त्रिंबकनं गाडी अशी हाणली की ओट्यावरची भांडी खाली आली. खुलताबादेत पहिल्याच दुकानापाशी थांबून त्यानं प्लग मागितला. दर्ग्यावरच्या चादरी विकणारा तो म्हातारा दुकानदार काही न विचारता उठला, स्वतःची खुर्ची बाहेर काढली. "अम्मा, बैठो इधर, आराम से," म्हणाला आणि आपल्या दिव्याची वायर काढून मशीनची लावली. मशीन घरघरलं आणि बानाबाईचा जीव जागेवर आला. दुकानदार आता अंधारात उभा होता, पण तेवढ्यापुरता तरी तो त्रिंबकला सख्ख्या भावासारखा वाटला.

घरी आल्यावर सत्यशीला दार लावून म्हणाली, "झाली तुमची हौस? आता आत्याबाईंना उंबऱ्याभाईर काढायचं नाय. मी सांगून ठिवते."

दुसऱ्या दिवशी त्रिंबक तावातावानं दुकानात गेला. शंतनूनं टपावर चढून पॅनेल तपासलं, वायरी तपासल्या, बॅटरी तपासली. कशात म्हणून दोष सापडेना. शेवटी खाली उतरून घाम पुसत त्यानं विचारलं, "काका, गाडी उभी कुठं केली होती?"

"चिंचंखाली."

"दिवसभर?"

"मंग? मुक्काम का उन्हात करतेत?" त्रिंबक म्हणाला. "आमच्या सात पिढ्यांत झाड सोडून कोन बसलं नाय."

शंतनू हसायला लागला आणि त्याचं तोंड बघून थांबला. त्रिंबकच्याही डोक्यात तेव्हाच उजेड पडला. टपावर पॅनेल आणि पॅनेलवर चिंचेची सावली! आयुष्यभर यंत्रावर काम केलेला माणूस, आणि चाकं थांबली की अंगातला मेंढपाळ जागा होऊन झाड हुडकत होता. हसावं का रडावं, त्याला कळेना.

शंतनूनं मग संच बदलून दिला. चूक माझीही आहे, मी विचारायला हवं होतं, म्हणाला. आता घडीचं पॅनेल, लांब वायर आणि जरा दांडगी बॅटरी. गाडी खुशाल सावलीत लावा, पॅनेल लांब उन्हात पसरा. त्रिंबकला हे फार पटलं. मेंढरं उन्हात चरतात आणि बिऱ्हाड झाडाखाली असतं, तसंच की हे. सत्यशीला मात्र पटवून घ्यायला तयार नव्हती. बिल्डिंगीच्या गच्चीवर पॅनेल पसरून, जिन्याच्या सावलीत मशीन ठेवून त्यानं तिच्यासमोर सकाळ-संध्याकाळ चालवून दाखवलं, तेव्हा कुठं ती हो म्हणाली. बानाबाईनं लुगडं आधीच बांधून ठेवलेलं होतं.

गंगापूरच्या रस्त्यानं गाडी निघाली. त्रिंबकला वाट सापडेना. जिथं रान होतं तिथं गोदामं, जिथं गाडीवाट होती तिथं चौपदरी रस्ता. बानाबाई मात्र पुढच्या सीटवरून डोंगराच्या कडा बघत होती आणि सांगत होती, आता डाव्या अंगाला वळ, आता त्या बोडक्या टेकाडाकडं.

टेकाडाशी गाडी थांबली.

झाड एकही नव्हतं. टेकाड निम्मं कापून सपाट केलेलं, चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्लॉटांचे दगड रोवलेले. फलकावर मोठ्या अक्षरांत 'पाचलिंब व्हॅली' लिहिलेलं. ओढ्याच्या जागी दगडगोट्यांची कोरडी रेघ. नाव ठेवायला तेवढं त्यांना बरं सुचलं, त्रिंबकच्या मनात आलं आणि त्याला त्या न पाहिलेल्या माणसांचा भयंकर राग आला. मग स्वतःचाच आला. कशाला आणलं हिला? घरी बसून तिच्या डोळ्यांपुढं ती झाडं होती तरी.

"माय, चल माघारी," तो म्हणाला.

"आलो ना आता. उतरीव मला."

तिला दोघांनी धरून उतरवलं. ती हळूहळू चालली. खालच्या खडकावरून, पलीकडच्या डोंगराच्या खाचेवरून तिनं अंदाज घेतला आणि एका प्लॉटच्या दगडापाशी थांबली. इथं आपली चूल, तिकडं द्वारकाबाईचं बिऱ्हाड, त्या अंगाला घोडी बांधायची, असं सगळं ती सुनेला हात करून दाखवत होती, आणि सत्यशीला पदर तोंडाला लावून हं हं करत होती. गाडी कुठं लावायची तेही तिनंच सांगितलं. वारा पाठीवर घे, म्हणाली.

पॅनेल गाडीच्या दाराशीच उघडून ठेवलं. लांब कशाला न्यायचं? चहूकडं ऊनच ऊन होतं. लांब वायर पिशवीतून काढायची वेळच आली नाही. दिवसभर ते तिघं गाडीच्या सावलीत बसले आणि सावली सरकेल तशी घोंगडी सरकवत राहिले. बॅटरी दुपारीच भरली. इतक्या लवकर ती दुसरीकडं कुठंच भरली नसती.

दिवस बुडाला. सत्यशीलेनं पीठ मळायला घेतलं, रेडिओला हात लावला नाही. त्रिंबकनं मशीनमध्ये औषध घातलं, मास्क बांधला, बटण दाबलं. मशीन जोरात घरघरायला लागलं. थोड्या वेळानं बानाबाईनं मास्क खाली ओढला.

"बंद कर जरा ते."

"माय, औषध हाय आजून त्यात."

"कर म्हन्ते ना."

त्यानं बंद केलं. बानाबाई मान जराशी तिरपी करून बसली. ती काय ऐकतेय, ते त्रिंबकला कळलं. या वेळेला मेंढरं जाळीत घातलेली असायची. पाणी पिऊन बसलेली, एकमेकांना टेकून रवंथ करणारी. शेकडो तोंडांचा तो बारीक, ओला, सारखा आवाज. त्या आवाजावर सगळं बिऱ्हाड झोपी जायचं. लहानपणी तो आवाज थांबला की त्याला जाग यायची. त्यानंही कान दिला. लांबच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यांचाच काय तो आवाज. सत्यशीलेचे हात परातीत थांबले होते.

मग बानाबाईनं मास्क आपल्या हातानं वर ओढला, नाकावर नीट बसवला.

"लाव आता," ती म्हणाली.