वाटणीतली तार

"मनकर्णा, रेडिओची तार आखूड होऊ देऊ नको. जेवढी लांब न् उंच, तेवढं नागपूर जवळ. मामाजीचं संध्याकाळचं भजन चुकू नये, बाई."

गोदाबाई मरता मरता सुनेला हेच सांगून गेली. तिच्या नवऱ्याला, डोळे गेलेल्या जानरावांना, दिवसभरात तेवढंच एक सुख होतं. मनकर्णाने सासूच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं होतं.

वर्षश्राद्ध झालं आणि दोघा भावांनी वाटण्या मांडल्या. मळा झाला, बैल झाले, घंगाळं झाली. रेडिओ थोरल्या शेषरावाकडे, मनकर्णाच्या नवऱ्याकडे आला. तेव्हा धाकट्या देवमनने कडुलिंबापासून खिडकीपर्यंत ताणलेल्या तांब्याच्या तारेकडे बोट दाखवलं.

"हे बी वाटा."

"वाट लेका. नाही त जन्मभर टोचून राहशीन," शेषराव म्हणाला.

पकडीने तार मधोमध तुटली आणि दोघे भाऊ सुपारी कातरत बसले.

आता रेडिओ लावला की तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा नुसता चरचराट. शेषराव पेटीला थापडा मारायचा. जानराव कान पुढे करून बसायचे.

"नागपूर बंद पडलं काय रे?"

"हो बाबा, बंदच हाय," शेषराव सुपारी चघळत म्हणाला.

आंधळ्या बापाशी इतकं गुळगुळीत खोटं. मनकर्णाला त्याच्या ताटात वाढायचीसुद्धा शिसारी आली.

सोमवारी, उपासाच्या दिवशी, ती देवमनच्या अंगणात गेली. कडुलिंबाकडची अर्धी तार त्याने खुंटाला बांधली होती. तिच्यावर त्याचे ओले, पिवळट लंगोट, खाली कोंबड्यांची घाण.

"भाऊजी, तुमच्याकडे रेडिओ नाही. तार द्या जी. दोरी देते तिच्या बदल्यात."

"तांबं हाय ते वयनी. माह्या वाट्याचं."

"मग तुमचीच राहू द्या. आमची अर्धी तिले जोडू द्या फक्त."

देवमन हसला. "जोडा ना. पन माहे लंगोट हलनार नाहीत. भजन त्यायच्यावरून जाईन, चालते काय तुमच्या देवाले?"

पूजेआधी पुन्हा अंघोळ करावी लागेल, एवढंच मनकर्णाच्या मनात आलं.

घरी येऊन तिने पदर खोचला. देवाची भांडी घासायची चिंच मुठीत घेतली. तारेची काळवंडलेली टोकं लख्ख केल्याशिवाय जोड धरणार नव्हता. मग खांद्यावर शिडी घेऊन, नाक मुरडून, ती कडुलिंबाकडे निघाली.