हद्दीवरची गुटी

गोदाकाकीचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता, आणि ती ते लपवूनही ठेवत नसे. मीटर वाचायला आलेला माणूस आकडा लिहून गेला की ती चष्मा लावून तो आकडा पुन्हा वाचायची. देवळात गुरवानं नारळ फोडून अर्धी कवड हातावर ठेवली, तर दुसरी अर्धी कुठे गेली याची चौकशी तिथल्या तिथे व्हायची. "एकटी बाई म्हटल्यावर जग टपलेलंच असतं," असं तिचं म्हणणं. ते अगदीच खोटं होतं असंही नाही म्हणा.

नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन लेकी, एक चिपळुणात दिलेली, दुसरी ठाण्याला. मागे राहिलं होतं ते सड्यावरचं, म्हणजे वाडीवरच्या कातळी माळावरचं, काजीचं पट्टं. काजी म्हणजे काजूची झाडं, नवऱ्यानं स्वतःच्या हातानं कातळ फोडून लावलेली. वर्षाचं मीठमिरची, औषधपाणी, सगळं त्यांच्या बियांवर. ते पट्टं गेलं तर लेकीच्या दारात जाऊन बसायची पाळी, आणि लेकीच्या दारात बसण्यापेक्षा मेलेलं बरं, हे काकी दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचीच.

पट्ट्याच्या पलीकडे तिच्या धाकट्या दिराची, आप्पांची जमीन. मध्ये गडगा नाही, कुंपण नाही. हद्दीची खूण म्हणजे एक अंजनी, रानातलं झाड. सड्यावरच्या वाऱ्यानं तिला कधी मान वर काढू दिली नव्हती, त्यामुळे उंची छातीएवढी आणि खोड मात्र पिळून वाळत घातलेल्या धोतरासारखं. कुणी लावलेली नव्हे, कातळाच्या भेगेत आपली आपण आलेली. अंजनीच्या अलीकडे गोदाकाकी, पलीकडे आप्पा. कागद काय म्हणतात ते घरात कुणी उघडून बघितल्याचं काकीला ठाऊक नव्हतं.

गणपतींचं विसर्जन झालं आणि काकी काजींखालचं गवत काढायला सड्यावर गेली. सहज अंजनीकडे नजर गेली तर काय, मागच्या बाजूच्या, पानांआड दडलेल्या जाड फांदीवर सुतळीनं करकचून आवळलेलं प्लॅस्टिकचं गाठोडं!

काकी दोन पावलं पुढे झाली. पहिला विचार आला तो हिंगाचा. उभं झाड वाळवायचं तर त्याला हिंग भरायचा, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. शेजाऱ्याच्या माडाला हिंग घातला म्हणून तीन पिढ्या न बोलणारी घरं आहेत. काकीनं इकडेतिकडे बघितलं, गाठोड्याला नाक लावलं आणि जोरात हुंगलं. हिंगाचा वास नाही. ओल्या मातीचा वास. मग तिनं नखानं प्लॅस्टिकचा कोपरा वर केला. आत ओलं शेवाळ दाबून भरलेलं, आणि शेवाळातून बाहेर डोकावणारी पांढरी बारीक मुळं.

"गुटी!" काकी मोठ्यानं म्हणाली.

गुटी तिला ठाऊक होती. परसातल्या लिंबाच्या, डाळिंबाच्या गुट्या नवरा बांधायचा. फांदीची साल अंगठीसारखी गोल काढायची, वर ओलं शेवाळ लावून घट्ट बांधायचं, मुळं फुटली की खालून फांदी कापायची. तयार झाड! पण लिंबाची गुटी बांधावी, ती लिंबं खायला. रानातल्या अंजनीची गुटी कशाला? तिला ना फळ खायचं, ना लाकडाला भाव. आणि सबंध सडा पडलेला असताना नेमकी हद्दीवरच्या अंजनीची? कुठेतरी पाणी मुरत होतं खास.

ती गवत तसंच टाकून खाली आली आणि तडक सोनूबाईच्या पडवीत जाऊन बसली. सोनूबाई म्हणजे वाडीतली बातमीदार. तिला सांगितलं की वेगळी दवंडी नको.

"दुसरं कोण असणार गो?" सोनूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली. "आप्पांचा अनिल. मुंबईची कंपनी बंद पडली म्हणून गेल्या साली आलाय, आणि दिवसभर विळा नि सुतळी घेऊन सड्यावर हिंडतोय. अंगणात बघितलंस का? थाळ्यांसारख्या कुंड्या मांडल्यान्. त्यात वड, त्यात उंबर. वीतभर! वडाला कुणी कुंडीत लावतं काय? डोकं फिरलंय म्हणतात."

"डोकं नाय फिरलेलं," काकी म्हणाली. "ज्याचं डोकं फिरतं तो हद्दीवरचं झाड बरोबर निवडत नाय."

दुसऱ्या दिवशी अनिल पाणंदीत भेटला. पोरगा तसा गोड बोलायचा, आणि गोड बोलणाऱ्यांची काकीला जास्तच धास्ती.

"काय रे अनिल, अंजनीला काय बांधलंयस?" तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

अनिलचा चेहरा असा उजळला, जसं काही त्याच्या बाळाचं नाव विचारलं. "बघितलीस काकी? गुटी आहे. बोन्सायसाठी. अंजनीला गुटी लागत नाही म्हणतात सगळे. गेल्या पावसाच्या तोंडाला बांधली होती, आता कुठे मुळं आली. वर्षभर धीर धरला."

"मग आता?"

"दिवाळीच्या आधी उतरवेन. काय फांदी आहे ती! पिळदार, वाऱ्यानं घडवलेली. अशी फांदी उतरवून लावली ना काकी, की आज लावलेलं झाड बघणारा शंभर वर्षांचं म्हणेल. ओळखूच येणार नाही नवं आहे म्हणून."

तो हसत हसत निघून गेला, आणि काकी पाणंदीत खिळल्यासारखी उभी राहिली. आज लावलेलं झाड, बघणारा शंभर वर्षांचं म्हणेल! मेल्यानं तोंडानंच कबूल केलं की! सगळा डाव तिच्या डोळ्यांसमोर लख्ख उभा राहिला. ही गुटी उतरवायची, काजींच्या मधोमध एखाद्या भेगेत लावायची. मग मूळच्या अंजनीला हिंग घालायचा. ती वाळून गेली की छाती पुढे काढून सांगायचं, हद्दीची अंजनी ती हीच, बघा खोड किती जुनं. साक्षीला कोण? नवरा वर गेलेला, आणि आप्पांना डोळ्यांनी दिसत नाही. पट्टं गेलं! काजी गेल्या!

बरं, हा सगळा काकीच्या मनाचा खेळ असेल असं तुम्ही म्हणाल. पण त्याच आठवड्यात सोनूबाई धापा टाकत आली. "गोदे, ऐकलंस काय? आप्पांनी मोजणी मागवलीय सड्याची. दिवाळीनंतर माणूस येणार."

इतकी वर्षं ज्यांनी दोरी धरून कधी जमीन मोजली नाही, त्यांना आताच मोजणी आठवली! काकीला आता शंका उरली नाही. तिला रात्रीची झोप लागेना, घास गोड लागेना. आप्पांच्या घरून संकष्टीचे मोदक आले ते तिनं गाईला घातले. अनिलची बायको शमिका विहिरीवर "काकी, बरं नाही का?" म्हणाली, तर काकी "तुम्ही बरे असा म्हणजे झालं," असं बोलून कळशी उचलून चालती झाली. शमिका बिचारी बघतच राहिली.

आणि मग काकीनं ठरवलं. तो आपल्या बाजूला लावणार ना? त्याच्या आधी आपण त्याच्या बाजूला लावायची, आणि मोजणीच्या दिवशी हद्द म्हणून तीच दाखवायची. चोरावर मोर. यात पाप कसलं? तो करणारच होता ते आपण आधी केलं, एवढंच. असं तिनं मनाला बजावलं, आणि मन तरी काय, घरचंच. ते कबूल झालं.

दिवाळीच्या आधी एका सकाळी, धुकं सड्यावरून उठायच्या आत ती कोयती घेऊन वर गेली. गाठोड्याच्या खाली दोन घाव घातले, फांदी सुटली. प्लॅस्टिक सोडून कमरेला खोचलं. मुळं जपून, शेवाळासकट ती फांदी तिनं आप्पांच्या हद्दीत वीसेक हात आत, करवंदीच्या जाळीमागे कातळाच्या भेगेत लावली, माती दाबली, भोवती जांभ्याचे तुकडे रचले, अंजनीवरच्या घावाला शेण फासलं. नवऱ्याबरोबर जन्मभर कलमं बांधली होती. हात चुकला नाही. रोज दुपारी गवताच्या भाऱ्याआडून तांब्याभर पाणी घालून यायची. गुटी जगली. नुसती जगली नाही, तिला कोवळी पानं फुटली.

गुटी गेल्याचं कळलं तसा अनिल आला तो थेट काकीच्याच दारात. चेहरा उतरलेला.

"काकी, कुणीतरी नेली गं. वर्षभर जपली होती मी. एका प्रदर्शनवाल्याशी बोलणं झालं होतं, त्यानं पसंतही केली होती. मुंबईला प्रदर्शनात मांडणार होतो. त्यावर पुढची कामं मिळाली असती."

"कुणी नेली असेल?" काकी चुलीकडे तोंड करून म्हणाली.

"बाहेरचंच कुणीतरी. आपल्या वाडीतलं कोण नेणार? तू दिवसभर सड्यावर असतेस म्हणून आलो. कुणी अनोळखी दिसला तर सांग हां. तुझ्यावर सोपवतो."

तो गेल्यावर काकीनं चुलीत फुंकर घातली आणि धूर डोळ्यांत गेला. नाटकं करतोय, ती स्वतःशी म्हणाली. मला गाफील ठेवायला. पण त्या दिवशी तिला भाकरी गेली नाही, हेही खरं.

मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीवाला यंत्र घेऊन आला, तिकाटण्यावर उभं केलं. आप्पांना अनिलनं हाताला धरून सड्यावर आणलं होतं. किती वर्षांनी म्हातारा वर आला होता कोण जाणे. मागे शमिका पाण्याची कळशी घेऊन. सोनूबाई तर आमंत्रण नसताना सर्वांत पुढे. काकी एका काजीला टेकून उभी होती.

मोजणीवाल्यानं बरंच इकडेतिकडे केलं, नकाशा बघितला, पुन्हा यंत्रात बघितलं. मग म्हणाला, "आप्पा, नकाशाप्रमाणे तुमची हद्द ही अंजनी नाही. ती या काजींच्याही अलीकडे येते. या सगळ्या काजी तुमच्या सर्व्हे नंबरात आहेत."

काकीच्या पायांखालचा कातळ सरकला. झालं. जे भ्यायली होती तेच झालं, आणि तेही झाड न हलवता!

आप्पा हसले. "ते मला ठाऊक आहे हो. वडील गेले तेव्हाच बघितला होता मी नकाशा. दादानं चुकून माझ्या बाजूला खड्डे मारले होते. झाडं लागली, वाढली. त्याला कशाला सांगायचं? एकदा मनात ठरवलं, अंजनीपर्यंत दादाचं. आता माझे डोळे गेले, उद्या मीही जाईन. मागे कुणी कागद काढून वहिनीला छळू नये, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. अंजनीशी दगड बसवा, अलीकडचं सगळं वहिनीच्या नावे करायचंय. अनिलची सही तयार आहे."

अनिलनं मान हलवली. सड्यावर नुसता वारा वाजत होता. काकीला वाटलं, कातळ दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

मोजणीवाला दगड न्यायला पुढे झाला आणि थबकला. "आप्पा, अंजनी दोन आहेत इथे. एक ही, आणि एक पलीकडे करवंदीमागे. दोन्ही जुन्याच दिसतात. यातली कुठली?"

"दोन?" आप्पांनी न दिसणारे डोळे वाऱ्याकडे वळवले. "सड्यावर अंजनी एकच आहे. पण मला दिसत नाही बाबा आता. वहिनीला विचारा. ती सांगेल ती हद्द."

अनिल करवंदीकडे गेला. वाकून त्यानं ती फांदी बघितली, तिचा पीळ बघितला, खोडाच्या बुंध्यावरचं शेवाळ चिमटीत धरलं. त्यानं ओळखलं. मग त्यानं वळून काकीकडे बघितलं. काकीनं मान खाली घातली. पोरगा उठला, हात झटकले आणि मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, ही मीच लावली होती. विसरलो. हद्दीची ती मोठी."

सोनूबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काकीनं तिला बोलू दिलं नाही.

"खोटं बोलतोय तो!" काकी ओरडली, आणि तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. ती तरातरा करवंदीमागे गेली, दोन्ही हातांनी ती गुटी धरून उपटली. कोवळी मुळं भेगेत तटातट तुटली. "मी चोरली भावोजी! मी कापली, मी लावली तुमच्या जागेत. तो माझ्या काजी लुबाडणार असं वाटलं मला. मी त्याच्या आधी तुमची जागा लुबाडायला गेले."

तिनं ती फांदी अनिलच्या पुढ्यात टाकली. अनिलनं खांद्यावरचा पंचा काढला, कळशीत बुडवला, उरलीसुरली मुळं त्यात गुंडाळली. शमिकानं त्याच्या हातातून ते गाठोडं घेतलं आणि सावलीत नेऊन ठेवलं.

आप्पांनी काकीच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली. काकी त्यांच्या तोंडाकडे बघत उभी होती. शिव्या घालतील, जमीन नावे करणं रद्द करतील, म्हणतील जा लेकीच्या दारात. निदान एक तरी वाकडा शब्द बोलावा असं तिला मनापासून वाटत होतं, कारण तो आता तिचा हक्क होता.

"मोजणीदार," आप्पा शेवटी म्हणाले, "मोठ्या अंजनीशी बसवा दगड. आणि वहिनी, तुम्ही जवळ उभ्या राहा. नीट बसतोय का बघा. तुमचा काय, कुणावर विश्वास नाही."

पहार कातळावर पडू लागली. काकी दगडापाशी उभी राहिली, पण तिला डोळ्यांतल्या पाण्यापायी काही म्हणजे काही दिसत नव्हतं.