वर्षभराचं उकडलेलं

शिंप्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला, तेव्हापासून त्याच्या बायकोने तेलाची बाटली घरातून हद्दपारच केली. त्याच्या ताटात उकडलेलं आणि आपल्या ताटात चमचमीत, हे तिला पटेना. वर्षभर तीही तेच खात राहिली.

मग तिचे केस मूठमूठ गळू लागले. "वय झालं," असं म्हणून ती विषय टाळायची. पण तिचा भांग रुंदावत चाललेला शिंप्याला दिसत होता. शेवटी तो तिला हट्टाने त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

रक्त तपासून, खाणंपिणं विचारून त्या म्हणाल्या, "अहो, केसांनाही थोडी स्निग्धता लागते. ती तुम्ही पार तोडलीत. यांनासुद्धा बेताचं तेल, अक्रोड, मासे चालतात. मी बंद केलं होतं ते तळलेलं!"

वाटेत शिंप्याने अक्रोड घेतले.

"वर्षभर माझ्यासोबत तेच खाल्लंस, एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्हाला एकट्याला घास गेला नसता."

नवे केस दिसायला सहा महिने लागले. पण त्या दिवसापासून जेवायला बसताना तो आधी तिच्या ताटात डोकावू लागला.